जुन्या शहरातला एकशेवीस दिवसांचा हिशेब

गर्भात जीव केव्हा येतो, या प्रश्नाला अकोल्याच्या जुन्या शहरातील मुस्लिम घरांत परंपरेने चालत आलेले उत्तर एकशेवीस दिवसांचे आहे. चाळीस, पुन्हा चाळीस, पुन्हा चाळीस आणि मग रूह, म्हणजे आत्मा. हा हिशेब कुराणातला आहे असे बोलताना सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात कुराणात टप्पे आहेत, दिवस नाहीत. दिवस हदीसमधून, म्हणजे प्रेषितांच्या नोंदलेल्या वचनांतून, आले. त्यांत शरीराचे तपशील ग्रीक वैद्यकाने भरले, आणि व्यवहारात त्यांना वजन आले ते फिक्हमुळे, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्यामुळे. वऱ्हाडात हे सगळे एकत्र पोहोचले, त्यामुळे कोणता धागा कुठला हे पुढे कोणी फारसे विचारले नाही.

कुराणातले गर्भाचे वर्णन एका जागी नाही. सर्वांत सविस्तर ते तेविसाव्या ‘अल-मुअमिनून’ या सूरेत, १२ ते १४ या आयतींत आहे. माणसाची मूळ घडण मातीच्या अर्कापासून झाली. पुढे सुरक्षित जागी ठेवलेला थेंब म्हणजे नुत्फा, त्याचा अलका म्हणजे चिकटून राहणारा रक्ताचा गोळा, त्याचा मुदगा म्हणजे चावलेल्या घासासारखा मांसाचा तुकडा, त्यातून हाडे, हाडांवर मांस, आणि शेवटी एक निराळीच निर्मिती, असा हा क्रम आहे. बाविसाव्या ‘अल-हज’ सूरेची पाचवी आयत मुदग्याचे घडलेला आणि न घडलेला असे दोन प्रकार सांगते. भाष्यकारांनी त्यातला दुसरा बहुतेक वेळा पडून जाणाऱ्या गर्भाला लावला. एकोणचाळिसाव्या सूरेत आईच्या पोटातल्या तीन अंधारांचा उल्लेख आहे. ते तीन म्हणजे पोट, गर्भाशय आणि वार, असा अर्थ जुन्या भाष्यांत रूढ आहे. परंपरेनुसार प्रेषित मुहंमदांवर सर्वांत आधी उतरलेल्या आयती ज्या सूरेत आहेत, तिचे नावच ‘अल-अलक’ आहे.

या आयती कोणाला उद्देशून आहेत हे पाहिले तर त्यांचा रोख स्पष्ट होतो. मरून माती झालेला माणूस पुन्हा उठेल, हे मक्केतील अनेकांना पटत नव्हते. त्यांना दिलेले उत्तर असे की, क्षुद्र थेंबापासून बोलता-चालता माणूस ज्याने एकदा घडवला, त्याला तो दुसऱ्यांदा घडवणे जड नाही. ‘अल-हज’मधील आयत तर पुनरुत्थानाविषयीच्या शंकेनेच सुरू होते, आणि गर्भानंतर लगेच पावसाने हिरव्या होणाऱ्या कोरड्या जमिनीकडे वळते. गर्भ इथे दाखला म्हणून येतो. प्रसूतिशास्त्र शिकवणे हा या आयतींचा हेतू नव्हता, आणि पहिल्या श्रोत्यांनीही त्या तशा ऐकल्या नसाव्यात.

दिवसांचा आकडा येतो तो अब्दुल्ला इब्न मसऊद यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. घडण चाळीस दिवस थेंबाच्या रूपात गोळा होते, तितकाच काळ ती अलका असते आणि तितकाच काळ मुदगा. मग फरिश्ता येतो, रूह फुंकतो आणि चार गोष्टी लिहितो: रोजी, आयुष्याची मुदत, कर्म, आणि शेवट सुखाचा की दुर्दैवाचा. तेराव्या शतकात इमाम नववी यांनी निवडलेल्या चाळीस हदीसांच्या छोट्या संग्रहात ही चौथी आहे. हा संग्रह मदरशांत मुलांना पाठ करायला देतात, त्यामुळे गर्भावरच्या सगळ्या हदीसांत हीच लोकांच्या तोंडी राहिली. खरे तर तिचा उत्तरार्ध पूर्णपणे नशिबाविषयी आहे. आयुष्यभर सत्कृत्ये करणारा शेवटच्या हातभर अंतरावर घसरू शकतो, असा तिचा सूर आहे.

मुस्लिमच्याच संग्रहात हुजैफा इब्न असीद यांची हदीस आहे. तिच्यात बेचाळीस रात्री झाल्यावर फरिश्ता येतो आणि कान, डोळे, कातडी, मांस, हाडे यांना आकार देतो. म्हणजे चाळीस-बेचाळीस दिवसांत आकार, की एकशेवीस दिवसांपर्यंत नुसता मांसाचा तुकडा? दोन्ही हदीसा प्रमाण, म्हणून एकही टाकता येईना. काहींनी तिन्ही अवस्था पहिल्या चाळीस दिवसांतच बसवल्या. बहुतेकांनी आकार आधी आणि रूह नंतर अशी तोड काढली, आणि रूहसाठी एकशेवीस दिवस कायम ठेवले. या हिशेबाला आणखी एक टेकू मिळाला. कुराणाने विधवेची इद्दत, म्हणजे पुनर्विवाहाआधी थांबण्याची मुदत, चार महिने दहा दिवस ठरवली आहे. इब्न कसीर यांच्यासारख्या भाष्यकारांनी तिची संगती अशी लावली की चार महिने म्हणजे तीन चाळिशा, आणि वरचे दहा दिवस पोटातली हालचाल नक्की कळण्यासाठी.

मूल आईवर जाते की बापावर, हा प्रश्नही हदीसमध्ये आला आहे. मदिनेतील ज्यू विद्वान अब्दुल्ला इब्न सलाम यांनी प्रेषितांना विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी हा एक होता. उत्तरात पुरुषाचे आणि स्त्रीचे अशी दोन ‘पाणी’ मानली आहेत. ज्याचे वरचढ ठरते त्याचा तोंडवळा मुलाला येतो. वैद्यकाच्या इतिहासात ही बाजू महत्त्वाची होती. ॲरिस्टॉटलच्या मते बीज फक्त पुरुषाचे आणि स्त्री नुसता कच्चा माल पुरवणारी. हिप्पोक्रेटीस आणि गेलेन दोघांचेही बीज मानत. इब्न सीना या दोन मतांमध्ये वाट काढत राहिला. हदीस मात्र गेलेनच्या बाजूला पडली, आणि मुलात आईचा खरा वाटा असतो हे मत मुस्लिम विद्वानांत पक्के झाले.

चौदाव्या शतकात दमास्कसचे इब्न अल-कय्यिम यांनी हिप्पोक्रेटीसची मते आणि हदीस समोरासमोर ठेवून वाचल्या. गर्भाला आवरणे कोणती, रक्त कुठून पोचते, अवयव कोणत्या क्रमाने वेगळे होतात, हे त्यांनी वैद्यांकडून घेतले. जिथे मेळ बसला नाही तिथे त्यांनी वैद्यांना बाजूला सारले. डोळ्यांना दिसते ते वैद्य सांगतो, पण रूह कधी आली हे त्याला कळण्याचा मार्ग नाही, ही त्यांची भूमिका. रूह येण्याआधीही गर्भ वाढतो, पण झाडासारखा. स्वेच्छेची हालचाल नंतरची, असा भेद त्यांनी केला. पुढच्या फिक्हला हा भेद फार उपयोगी पडला.

फिक्हमध्ये गर्भ हा चिंतनाचा विषय राहत नाही. तिथे त्याला हक्क आणि किंमत लागू होते. हुजैल टोळीतील दोन स्त्रियांच्या भांडणात एकीने दगड मारला आणि दुसरीचा गर्भ गेला, तेव्हा प्रेषितांनी भरपाई म्हणून एक गुलाम किंवा दासी द्यायला लावली. या भरपाईला गुर्रा म्हणतात. चार सुन्नी पंथांपैकी हनफी पंथाच्या ग्रंथांनी तिचे मोल पूर्ण माणसाच्या दियतीच्या, म्हणजे जिवाच्या भरपाईच्या, विसाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे पाचशे दिरहम धरले. बाप वारला आणि आई गरोदर असेल तर पोटातल्या मुलासाठी वारशाचा वाटा राखून ठेवायचा, मूल जिवंत जन्मले तर तो त्याचा. गर्भाची कमीत कमी मुदत सहा महिने ठरली तीही कुराणातल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीने. एका आयतीत गर्भधारणा आणि अंगावर पाजणे मिळून तीस महिने, दुसरीत पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे. उरले सहा महिने. लग्नानंतर सहा महिन्यांत बाळंत झालेली एक स्त्री या वजाबाकीमुळे शिक्षेतून सुटली अशी कथा आहे. हा हिशेब कोणी अलींच्या नावावर सांगतात, कोणी इब्न अब्बास यांच्या.

जास्तीत जास्त मुदतीबाबत मात्र शास्त्रकारांनी व्यवहार चांगलाच सैल सोडला. हनफींनी दोन वर्षे मानली, शाफईंनी चार. बाळंतपणे पाहिलेल्या कोणत्याही सुईणीला हे हसू आणणारे वाटले असते. पण या सैलपणामागे अज्ञानापेक्षा धोरण जास्त दिसते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर उशिरा झालेल्या मुलाला नाव मिळावे आणि आईवर व्यभिचाराचा आळ येऊ नये, ही सोय त्यात होती.

गर्भपाताबाबत चार पंथांत मतभेद राहिले. मालिकी पंथाने तो पहिल्यापासून नाकारला. शाफई परंपरेतील गझाली यांनी प्रत्येक टप्प्यागणिक गुन्हा वाढत जातो असे मांडले. हनफींपैकी अनेकांनी एकशेवीस दिवसांच्या आत मुभा दिली, तरी तिला कारणाची अट घालणारेही होते. बाराव्या शतकातील काझीखान यांनी नेमका दाखला दिला: इहराममधल्या, म्हणजे शिकार वर्ज्य असलेल्या यात्राव्रतातल्या, हाजीने शिकारीच्या पक्ष्याचे अंडे फोडले तरी त्याला भरपाई पडते, कारण अंडे शिकारीचे मूळ आहे, मग विनाकारण गर्भ पाडणारी निर्दोष कशी? मान्य कारणाचे उदाहरणही घरगुती आहे. अंगावर पिणारे मूल आहे, नव्या गर्भामुळे दूध आटले आणि दाई ठेवायची बापाची ऐपत नाही.

हे सगळे वऱ्हाडात आले त्याच्या वाटा बऱ्यापैकी माहीत आहेत. सोळाव्या शतकात सिंधमधून निघालेली विद्वान घराणी एलिचपूर आणि बऱ्हाणपूर या पट्ट्यात स्थिरावली. त्यांत हदीसचे अभ्यासक शेख ताहिर होते. त्याच बऱ्हाणपुरात जन्मलेल्या अली मुत्तकी यांनी पुढे मक्केत राहून ‘कंजुल उम्माल’ हा हदीसांचा प्रचंड कोश विषयवार लावला. औरंगजेबाने १६६० च्या दशकात ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी कायद्याचा संग्रह करायला घेतला, त्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम हेही बऱ्हाणपूरचेच. अकोला तेव्हा मोगली वऱ्हाडात, वजीर असदखानाच्या जहागिरीत होते. मोर्णा नदीकाठचा असदगड त्याच्याच नावाचा. गावाचा कोट सतराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. त्याच सुमारास, १७०० मध्ये, हकीम अकबर अर्जानी यांनी ‘तिब्ब-ए-अकबर’ पूर्ण केले, आणि हिंदुस्थानभरच्या हकिमांच्या हाती फारसीतला सोपा वैद्यकग्रंथ आला. काझीकडे आलमगिरी आणि हकिमाकडे अकबर अशी ती पिढी होती. शेजारी बाळापूरला नक्शबंदी खानकाह होती; वऱ्हाडातील धर्मविद्येचे ते नावाजलेले ठिकाण.

आलमगिरीत गर्भासाठी दिवसांच्या बरोबरीने दुसरी एक खूण आहे, आणि घरातल्या बायकांना तीच जास्त कामाची ठरली. पडलेल्या गर्भात बोट, नख, केस असे काही दिसले तर तो मूल धरायचा. आईचा रक्तस्राव मग बाळंतपणाचा, म्हणजे निफास. तिच्या नमाज-रोज्याचे नियम त्याप्रमाणे. आणि ती इद्दतीत असेल तर इद्दत तिथेच संपली. काहीच घडलेले दिसले नाही तर हे नियम लागू नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी देवबंदी मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’ने हा नियम सोप्या उर्दूत आणला. ते पुस्तक मुलीला लग्नात देण्याची चाल पडली. बरेलवी घरांत तेच काम अमजद अली आजमी यांच्या ‘बहार-ए-शरीअत’ने केले. दोन्हीकडचे वाद कितीही असले तरी नखाकेसांच्या या नियमात फरक नाही.

दफनाचा हनफी रिवाजही यावरूनच ठरतो. जन्मून एकदा तरी रडलेल्या किंवा हाललेल्या मुलाला नाव, गुस्ल, कफन आणि जनाज्याची नमाज, सगळे मोठ्या माणसासारखे. घडण झालेले पण मृत जन्मलेले मूल धुतात, स्वच्छ कापडात गुंडाळतात आणि नमाज न पढता पुरतात. इमाम अबू यूसुफ यांच्या मताने त्याचे नावही ठेवतात. हंबली पंथात चार महिने भरलेल्या अशा मुलासाठी जनाज्याची नमाज आहे. अकोल्यात बहुसंख्य हनफी असल्याने ती प्रथा इथे नाही, आणि नमाज का नाही हे नव्या आईबापांना समजावण्याचे काम घरातल्या म्हाताऱ्यांकडे येते.

ग्रंथांबाहेरचा एक हिशेब मात्र सातचा आहे. जाफर शरीफ यांनी लिहिलेल्या आणि डॉक्टर हर्कलॉट्स यांनी १८३२ मध्ये लंडनला इंग्रजीत छापलेल्या ‘कानून-ए-इस्लाम’मध्ये दख्खनी मुसलमानांच्या चाली नोंदल्या आहेत. त्यात पहिलटकरणीच्या सातव्या महिन्याचा सतवासा आहे. नवे कपडे, फुले, माहेरची माणसे, बायकांची गाणी. शेजारच्या आळीतले डोहाळजेवण आणि हा सतवासा यांत परक्याला फरक सांगता येऊ नये. उलेमांनी अशा चालींवर टीका केली, तरी त्या पुरत्या गेल्या नाहीत. रूहचे चार महिने मौलवींचे आणि सतवाशाचे सात महिने बायकांचे, अशी वाटणी झालेली दिसते.

डोहाळ्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. जुन्या शहरात राजराजेश्वराच्या देवळाच्या आसपास राहणाऱ्या वैद्यांची परंपरा सुश्रुताची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात अंगे स्पष्ट होतात, हृदय व्यक्त होते आणि त्याबरोबर चेतना येते, असे म्हटले आहे. त्या महिन्यापासून आई दोन हृदयांची, म्हणून तिच्या इच्छा पुरवायच्या. मोर्णेच्या एकाच काठावर दोन वेगळ्या शास्त्रांनी चौथा महिनाच धरला होता. यात देवाणघेवाण शोधण्याचे कारण नाही. पोटातली हालचाल आईला साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात जाणवू लागते, आणि दोन्ही शास्त्रांना बायकांनीच सांगितलेले ऐकावे लागले असणार.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर काझीचा हिशेब टप्प्याटप्प्याने कोर्टात गेला. १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम ११२ मध्ये सरळ नियम घातला: लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने दुसरे लग्न केले नसेल तर २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल औरस. हनफींची दोन वर्षांची सवलत त्यामुळे निरुपयोगी झाली, आणि सहा महिन्यांची खालची अटही. मुसलमानांना कोणता नियम लावायचा यावर वाद झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२६ मध्ये पुरावा कायद्याच्या बाजूने कौल दिला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हाच नियम कलम ११६ म्हणून कायम आहे. वारशात मात्र पोटातल्या मुलाचा जुना हक्क टिकला. दिनशा मुल्ला यांच्या प्रसिद्ध कायदेग्रंथातही तो आहे.

गेल्या पन्नास वर्षांत या आयतींचे वाचन एकदम वेगळ्या दिशेला गेले. १९७६ मध्ये फ्रेंच डॉक्टर मोरिस बुकाय यांनी कुराण आणि आधुनिक विज्ञान जुळतात असे पुस्तक लिहिले. टोरांटोचे शरीरशास्त्रज्ञ कीथ मूर यांच्या गर्भशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची एक खास आवृत्ती १९८३ मध्ये येमेनचे अब्दुल मजीद जिंदानी यांच्या ‘इस्लामी भरी’सह निघाली, अलका म्हणजे जळूसारखा दिसणारा भ्रूण, मुदग्यावर जणू दातांचे ठसे, अशी जुळणी त्यात होती. महाराष्ट्रात हा विचार घरोघरी नेला तो मुंबईच्या डॉ. झाकिर नाईक यांनी. १९९१ मध्ये त्यांनी इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढले, २००० मध्ये शिकागोत विल्यम कॅम्पबेल यांच्याशी झालेल्या वादातही गर्भाचा मुद्दा होता, आणि २००६ मध्ये पीस टीव्ही सुरू झाला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये संस्थेवर बंदी घातली, पण युक्तिवाद तोवर पसरलेला होता.

या जुळणीला विज्ञानाकडून घेतलेले आक्षेप ठोस आहेत. गर्भाचे हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच धडधडू लागते. कूर्चा आणि स्नायू सोबतच तयार होतात, हाडे पुरी होऊन वर मांस चढते असे होत नाही. चाळीस-चाळीसचा हिशेब तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात बसत नाही, म्हणून जुळणी करणारे हदीस मागे ठेवून आयती पुढे करतात. इतिहासकार बासिम मुसल्लम यांनी हे टप्पे गेलेनच्या टप्प्यांशी किती मिळतेजुळते आहेत हे दाखवले आहे. इब्न अल-कय्यिम यांच्या काळी वैद्यकाने धर्मग्रंथ सिद्ध करावा अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे वैद्य चुकला तरी त्यांचे काही बिघडत नसे. नव्या वाचनाने ती मोकळीक घालवली.

एकशेवीस दिवसांचा खरा कस आज सोनोग्राफीच्या खोलीत लागतो. गर्भातले व्यंग शोधणारी तपासणी साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान होते. १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी ती चोवीस झाली, आणि गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही वाट ठेवली. मक्केच्या फिक्ह परिषदेने १९९० मध्ये असे ठरवले की, उपचार नसलेले गंभीर व्यंग विश्वासू डॉक्टरांनी सांगितले आणि आईबापांची इच्छा असली तर एकशेवीस दिवसांच्या आत गर्भ काढता येईल. त्यानंतर फक्त आईच्या जिवाला धोका असेल तरच. मोजणीत मात्र घोळ होऊ शकतो. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात, रूहचा हिशेब गर्भ राहिल्यापासून सुरू होतो, आणि दोन्हींत सुमारे दोन आठवड्यांचे अंतर पडते. म्हणून मुफ्तीला विचारण्याआधी अहवालावरच्या आकड्यातून चौदा दिवस वजा करावे लागतात. अहवाल अठरा आठवड्यांचा असेल तर ते एकशे बारा दिवस होतात आणि निर्णयाला आठ दिवस उरतात. वीस आठवड्यांचा असेल तर मुदत सहा दिवसांपूर्वीच संपलेली असते.